उतरत्या पाठीच्या दोन मोटारी

२०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत आपल्या देशाच्या मोटारबाजारात अशा दोन गाड्या एकीपाठोपाठ एक दाखल झाल्या, की ज्यांच्या पाठीचा उतार पाहून रस्त्याने जाणाऱ्याने मान वळवावी आणि नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबाने तोवर केलेला सारा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा. सिट्रोएन या फ्रेंच नाममुद्रेच्या 'बसाल्ट'ची किंमत ९ ऑगस्ट रोजी ७ लाख ९९ हजार रुपयांपासून जाहीर झाली. टाटांच्या 'कर्व्ह'ची विजेवर चालणारी आवृत्ती त्याच्या दोनच दिवस आधी आली होती, आणि पेट्रोल व डिझेलवर चालणारी आवृत्ती २ सप्टेंबर रोजी ९ लाख ९९ हजारांपासून विक्रीस निघाली. कर्व्ह पुणे जिल्ह्यात घडते, बसाल्ट तमिळनाडूतील तिरुवळ्ळूर येथे. परंतु दोघींचा आराखडा एकाच कल्पनेवर उभा आहे. जमिनीपासून उंच असे दणकट अंग, आणि त्यावर छतापासून मागच्या बंपराच्या दिशेने अखंड उतरत जाणारी पाठ, जिला मोटारींच्या जगात फास्टबॅक म्हणतात. या दोघींपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न शोरूममध्ये गाडीच्या बाजूला उभे राहून सुटत नाही, कारण बाजूने पाहता दोघीही देखण्याच आहेत; तो सोडवायचा असेल तर या उताराची किंमत प्रत्येक गाडीने कोणाकडून वसूल केली आहे, याचा तपास करावा लागतो.

साधी सेडान बाजूने पाहिली तर तिचे तीन खण दिसतात: पुढे इंजिनाचा, मध्ये माणसांचा आणि मागे सामानाचा. हॅचबॅक किंवा नेहमीच्या एसयूव्हीत छत जिथे संपते तिथून मागची बाजू जवळजवळ सरळ खाली उतरते. फास्टबॅकमध्ये या दोहोंच्या मधला मार्ग पत्करलेला असतो. छताची रेषा मागच्या आसनांच्या डोक्यावरून हळूहळू खाली येत थेट शेपटापर्यंत पोहोचते. मात्र पाठ उतरती असली म्हणजे डिकीचे दार काचेसकट वर उचलले जाईलच असे नाही, आणि हा भेद ग्राहकाने सर्वप्रथम ध्यानात घ्यावा असा आहे. सिट्रोएनच्याच १९७० सालच्या 'जीएस' या सुप्रसिद्ध गाडीची पाठ डौलदार उतरती होती, तरी तिची मागची काच पक्की बसवलेली होती आणि सामानासाठी खाली लहानसे झाकण तेवढे होते. काचेसह उघडणारे मोठे दार मिळण्यास १९७९ ची 'जीएसए' यावी लागली. महाराष्ट्राला अशा दाराची ओळख स्कोडाच्या 'ऑक्टाव्हिया'ने करून दिली, जी २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादेजवळील शेंद्रा येथे जुळवली जाऊ लागली. दिसायला सेडान, पण मागचे दार उघडले की काचेसकट सारी पाठ वर. कर्व्ह आणि बसाल्ट या दोन्ही गाड्यांत हे मोठे दार आहे, आणि उतरत्या पाठीपासून मिळणारा सर्वांत रोकडा लाभ कोणता असे मला विचाराल तर मी याच दाराकडे बोट दाखवीन, कारण सायकल किंवा कपाटाची फळी अशा ज्या वस्तू सेडानच्या अरुंद तोंडातून जातच नाहीत, त्या मागचा बाक आडवा केला की येथे सुखाने जातात.

परंतु ही पाठ जन्मास आली ती दारासाठी नव्हे, तर हवेसाठी. पहिल्या महायुद्धाच्या काळात झेपेलिन या महाकाय वायुयानांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारे या अभियंत्याने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी असा विचार मांडला, की जो आकार आकाशात हवेला सहज बाजूला सारतो तोच जमिनीवरच्या मोटारीलाही द्यावा: पुढे गोलाई आणि मागे लांबलचक निमुळते शेपूट. त्याच्या तत्त्वांवर चेकोस्लोव्हाकियात १९३४ साली 'टाट्रा ७७' ही गाडी निघाली, आणि तिच्या लांब उतरत्या पाठीने हवेचा विरोध त्या काळच्या मानाने विलक्षण कमी झाला. पण त्याच पाठीमुळे, आणि मागे बसवलेल्या इंजिनामुळे, चालकाला मागचा रस्ता जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे या आकाराचा लाभ आणि त्याचा दंड हे दोन्ही त्याच्या जन्मापासूनच एकमेकांना चिकटलेले आहेत. पुढे श्टुटगार्ट येथील प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांच्या भोवतालच्या संशोधकांनी दाखवून दिले, की शेपूट टोकापर्यंत निमुळते करण्याची गरज नाही. उतार काही अंतर नीट नेला आणि मग शेपूट सरळ कापून टाकले, तरी बहुतेक लाभ पदरात पडतो आणि गाडीची लांबीही आटोक्यात राहते. आजच्या फास्टबॅक गाड्यांची मागची तुटक, उभी कड ही त्या विचाराची वारसदार आहे.

हवा गाडीच्या अंगाला चिकटून वाहते तोवर ठीक असते. ती जिथे अंग सोडते तिथून मागे भोवरे उठतात, गाडीच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती पोकळी गाडीला मागे ओढू लागते. छताचा उतार मंद असेल तर हवा त्याला धरून खाली येते आणि पोकळी लहान होते. पण उतार किती मंद हवा? या प्रश्नाचे उत्तर फार उद्बोधक आहे. १९७० च्या दशकात फोक्सवागनच्या 'गोल्फ'वर प्रयोग करताना यान्सेन आणि हुखो यांच्या असे ध्यानात आले, की मागच्या काचेचा कोन सुमारे ३० अंशांच्या आसपास असताना हवेचा प्रवाह एकाएकी स्वभाव बदलतो. १९८४ साली अहमद, राम आणि फाल्टिन या तिघांनी मोटारीची एक सोपी ठोकळेवजा प्रतिकृती करून तिच्या पाठीचा कोन पायरीपायरीने बदलत पद्धतशीर मोजणी प्रसिद्ध केली. उतार १२ अंशांच्या आसपास असताना विरोध सर्वांत कमी निघाला. तिथून पुढे पाठीच्या दोन्ही कडांवरून पिळवटलेल्या दोरासारखे दोन भोवरे उठू लागले आणि विरोध वाढत गेला. ३० अंशांवर तो शिगेला पोहोचला. आणि त्याहून तीव्र उतार देताच हवेने पाठ सर्वस्वी सोडून दिली व विरोध एकदम घसरून सरळ उभ्या पाठीच्या गाडीइतका झाला. याचा व्यवहारी अर्थ असा, की पाठ उतरती दिसली म्हणजे हवा जिंकली असे नव्हे. अयोग्य कोनाची उतरती पाठ उभ्या पाठीहूनही वाईट ठरू शकते. आणि उंच अंगाच्या गाडीला मंद उतार द्यायचा तर शेपूट पुष्कळ लांब न्यावे लागते, जे सव्वाचार-साडेचार मीटरांच्या मर्यादेत साधणे कठीण असते.

या उताराचा आणखी एक गुण असा, की वरून वेगाने वाहणारी हवा पाठीवर दाब कमी करते आणि गाडीचा मागचा भाग किंचित उचलला जातो. १९६६ च्या अमेरिकन 'डॉज चार्जर'ची लांब उतरती पाठ शर्यतीच्या मैदानावर अशीच हलकी होऊ लागली, तेव्हा तिच्या शेपटावर एक लहान पट्टी बसवावी लागली. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑडीच्या 'टीटी' या गोलाकार पाठीच्या गाडीला अतिवेगातील अपघातांनंतर कारखान्यात परत बोलावून अशीच पट्टी देण्यात आली. आपल्या दोन गाड्यांच्या डिकीवर जी उचललेली कड दिसते ती नुसती शोभेची नसते. हवा तिथे नेमकी सुटावी आणि मागची चाके जमिनीला धरून राहावीत, हे तिचे काम आहे.

आता हवेचा हा जमाखर्च आपल्या रस्त्यांवर मांडून पाहू. समजा, गाडीचे वजन माणसांसह १,३०० किलो आहे, तिचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर आहे आणि तिच्या आकाराला होणारा हवेचा विरोध दाखवणारा विरोधांक ०.३२ आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना तिला हवा सुमारे ९० न्यूटन बलाने अडवते, तर टायरांचा रस्त्याशी होणारा विरोध सुमारे १५० न्यूटन असतो. म्हणजे शहरात मुख्य शत्रू हवा नव्हेच. ताशी १०० किलोमीटरला मात्र हवेचे बल चौपट होऊन साडेतीनशे न्यूटनांवर जाते आणि केवळ तिला बाजूला सारण्यासाठी सुमारे १० किलोवॅट शक्ती खर्ची पडते. समृद्धी महामार्गावर अनुज्ञेय असलेल्या ताशी १२० च्या वेगाला ती १७ किलोवॅटवर पोहोचते. आकारात सुधारणा करून विरोध एक दशांशाने कमी केला, तर समृद्धीवर पावणेदोन किलोवॅटची बचत होईल आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर शून्यवत्. ज्याची गाडी वर्षाचे अकरा महिने घर ते कचेरी एवढीच धावणार आहे, त्याने उतरत्या पाठीमुळे इंधन वाचेल या आशेवर एक रुपयाही अधिक मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईहून नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर जो वरचेवर तोडतो, त्याच्या हिशेबात मात्र ही बचत खरोखर जमेच्या बाजूस पडते.

उताराचा दंड भरणारे तिघे आहेत. पहिला मागच्या आसनावरचा उंच माणूस, ज्याच्या डोक्यावरूनच छत खाली झुकू लागते. दुसरे सामान; कारण डिकीची क्षमता लिटरांत सांगितली जाते आणि ती सामान्यतः मागच्या आच्छादनफळीच्या पातळीपर्यंतची असते, पण उतरती काच त्या फळीच्या वर फारशी जागा सोडत नाही. गणेशचतुर्थीला कोकणात जाताना बॅगा आणि पिशव्या फास्टबॅकच्या डिकीत उत्तम बसतील. मखराची उभी चौकट किंवा हातभर उंचीची मूर्ती मात्र दार लावताना काचेला अडेल, तीच वस्तू उभ्या पाठीच्या लहान गाडीत मावेल. तिसरा चालक स्वतः, ज्याला आरशात मागचा रस्ता एका अरुंद पट्टीएवढा दिसतो. याखेरीज विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी: आडवी झुकलेली काच उभ्या काचेपेक्षा माध्यान्हीचे ऊन कितीतरी अधिक आत घेते, आणि ते ऊन नेमके मागे बसलेल्यांच्या मानेवर पडते. त्यावर काळी फिल्म चिकटवावी म्हटले, तर पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे तो उपाय मर्यादितच राहतो.

येथवर जे सांगितले ते दोन्ही गाड्यांना सारखेच लागू आहे. यापुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कर्व्हची लांबी ४,३०८ मिलिमीटर, रुंदी १,८१० आणि उंची १,६३०. बसाल्टची लांबी ४,३५२, रुंदी १,७६५ आणि उंची १,५९३. म्हणजे बसाल्ट थोडी लांब, थोडी अरुंद आणि थोडी ठेंगणी. पण कागदावरचा सर्वांत बोलका आकडा याहून वेगळा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते कर्व्हमध्ये २,५६० मिलिमीटर आहे आणि बसाल्टमध्ये २,६५१. हे नऊ सेंटिमीटर कोठे गेले याचा शोध घ्यायचा असेल तर पुढचे आसन आपल्या उंचीप्रमाणे लावून त्याच्याच मागे जाऊन बसावे. बसाल्टमध्ये गुडघ्यापुढे मिळणारी मोकळीक तत्क्षणी जाणवते. तिच्या वरच्या श्रेणीत मागच्या आसनाचा मांडीखालचा भाग ८७ मिलिमीटरपर्यंत कमीजास्त उचलता येतो, ही सोय मला विशेष मोलाची वाटते, कारण लांबच्या प्रवासात ज्येष्ठांचे पाय अवघडतात ते बहुधा मांडीला आधार नसल्यानेच. उलट कर्व्हने आपली लांबी डिकीला दिली आहे: ५०० लिटर, बसाल्टच्या ४७० च्या तुलनेत, आणि तिची अधिक रुंदी मागे तिसरा माणूस बसला की उपयोगी पडते, तशीच जुन्या सोसायटीच्या अरुंद वाहनतळात दार उघडताना नडतेही. थोडक्यात, उताराचा दंड बसाल्टने सामानाकडून अधिक घेतला आहे आणि कर्व्हने मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांकडून.

इंजिनांच्या बाबतीत कर्व्हची निवड पुष्कळ विस्तृत आहे. १.२ लिटरची दोन टर्बो पेट्रोल इंजिने, एक १२० अश्वशक्तीचे व १७० न्यूटन-मीटर पिळाचे (टॉर्कचे), आणि दुसरे इंधन थेट सिलिंडरात फवारणारे, १२५ अश्वशक्तीचे व २२५ न्यूटन-मीटरचे, शिवाय १.५ लिटरचे ११८ अश्वशक्तीचे डिझेल, ज्याचा पीळ २६० न्यूटन-मीटर आहे. बसाल्टमध्ये डिझेल नाही. तिच्यात १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ८२ अश्वशक्तीचे आहे, आणि त्याचेच टर्बो रूप ११० अश्वशक्तीचे. अश्वशक्तीच्या आकड्यावर ग्राहकाची नजर आधी जाते. तथापि घाटात भरलेली गाडी चढवताना जो दमदारपणा जाणवतो तो पिळाचा असतो, आणि त्या कसोटीवर कर्व्हचे डिझेल या दोन्ही गाड्यांतील साऱ्या इंजिनांत पुढे आहे. बसाल्टचे ८२ अश्वशक्तीचे इंजिन, ज्याचा पीळ ११५ न्यूटन-मीटर आहे, केवळ कमी किमतीच्या मोहाने घेऊ नये. पाच माणसे, सामान आणि चालू एसी यांसह वरंध किंवा आंबोली चढताना ते थकते, आणि समोरून येणाऱ्या वाहनापूर्वी ट्रक ओलांडण्यासाठी जी उसळी लागते ती त्याच्यापाशी नसते.

स्वयंचलित गिअरबॉक्स घेणाऱ्याने येथे क्षणभर थांबून विचार करावा. कर्व्हमध्ये दोन क्लचांची सात गिअरांची पेटी आहे. एक क्लच चालू गिअर धरून ठेवतो, तोवर दुसऱ्यावर पुढचा गिअर सिद्ध असतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर गिअरांची अदलाबदल झटपट आणि जवळजवळ अखंड होते. बसाल्टच्या टर्बो इंजिनाला सहा गिअरांची टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीची पेटी मिळते, जिच्यात इंजिन आणि चाके यांची गाठ तेलाच्या प्रवाहातून पडते. ही पद्धत जुनी आहे, परंतु कासवगतीने सरकणाऱ्या वाहतुकीत, चढावर दर दहा पावलांना थांबून पुन्हा निघताना, तिच्याइतकी सौम्य आणि सोशिक दुसरी कोणती क्वचितच असेल. हिंजवडी किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना मी याच पेटीचा सल्ला देईन. या पेटीसह त्या इंजिनाचा पीळही १९० वरून २०५ न्यूटन-मीटर केलेला आहे.

आता सुरक्षिततेकडे येतो, आणि येथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण घरातील माणसे ज्या पोलादी पेटीत बसणार तिच्याविषयीची परीक्षा सनरूफच्या लांबीपेक्षा शतपटींनी महत्त्वाची आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची मूल्यमापन पद्धत अमलात आली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर एका बाजूने आदळवतात, बाजूने ताशी ५० च्या वेगाने धक्का देतात, आणि पुढे खांबावर ताशी २९ च्या वेगाने बाजूने नेऊन आपटतात. प्रौढ प्रवाशांसाठी ३२ आणि बालकांसाठी ४९ गुण असतात. पाच तारे मिळण्यास प्रौढांचे किमान २७ आणि बालकांचे किमान ४१ गुण लागतात, चार ताऱ्यांस अनुक्रमे २२ आणि ३५. कर्व्हला प्रौढांसाठी २९.५० आणि बालकांसाठी ४३.६६ गुण मिळून पाच तारे मिळाले, बसाल्टला २६.१९ आणि ३५.९० मिळून चार.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. प्रौढांच्या बाबतीत बसाल्ट पाच ताऱ्यांपासून एका गुणाहूनही कमी अंतरावर राहिली, तेव्हा तिला कच्ची गाडी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि सहा एअरबॅग तिच्यात प्रारंभिक श्रेणीपासून आहेत. पण बालकांच्या गुणांत ती चार ताऱ्यांची मर्यादाही जेमतेम ओलांडते, आणि दोन गाड्यांमधील खरी तफावत, जवळजवळ आठ गुणांची, येथे आहे. या ४९ गुणांत २४ प्रत्यक्ष धडकेचे, १२ बालआसन नीट बसवता येते की नाही याचे आणि १३ गाडीतील संबंधित सोयींचे असतात. ज्या घरात बालआसनात बसवण्याच्या वयाचे मूल आहे, तेथे माझ्या मते हा एकच आकडा निवडीचा निकाल लावण्यास पुरेसा आहे, आणि तो कर्व्हच्या बाजूचा आहे. परंतु पाच ताऱ्यांच्या गाडीतही मूल आईच्या मांडीवर पुढच्या आसनात बसणार असेल आणि मागचे पट्टे आसनाखाली दडपलेले असतील, तर त्या ताऱ्यांचा कोणाला उपयोग नाही. बालआसनाची किंमत गाडीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरली पाहिजे.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट दालनातला विक्रेता क्वचितच सांगतो. आपल्या देशात २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटर लांबी ही करांची सीमारेषा बनली आहे. तिच्या आत राहणाऱ्या, आणि पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरच्या आत किंवा डिझेल १,५०० च्या आत असणाऱ्या गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, इतर पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. कर्व्ह आणि बसाल्ट यांची इंजिने या मर्यादेत बसतात, लांबी बसत नाही. एक ३०८ मिलिमीटरने बाहेर आहे, दुसरी ३५२ ने. टाटांच्याच चार मीटरांच्या आतल्या 'नेक्सॉन'शी तुलना केली, तर कर्व्हमध्ये व्हीलबेस अवघा ६२ मिलिमीटर आणि डिकी ११८ लिटर अधिक आहे; सिट्रोएनच्या 'सी३' शी बसाल्टची तुलना केली, तर व्हीलबेस १११ मिलिमीटर आणि डिकी १५५ लिटर अधिक. कारखान्यातून करापूर्वी ८ लाखांना निघणाऱ्या दोन गाड्या कल्पिल्या, तर लहान गाडी करासह ९ लाख ४४ हजारांची होते आणि मोठी ११ लाख २० हजारांची. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी मोटारवाहन कर चढतो, म्हणजे अंतर दोन लाखांच्या वर जाते. डिझेलला हेच दर १३ आणि १४ टक्के आहेत. सप्टेंबर २०२५ पूर्वी या दोन वर्गांतील पेट्रोल गाड्यांच्या या कराची तफावत १६ टक्क्यांची होती, ती आता २२ टक्क्यांची झाली. तेव्हा उतरत्या शेपटासाठी आपण सरकारी तिजोरीत नेमके किती भरतो आहोत, हे डोळसपणे मान्य करूनच पुढे जावे. या कसोटीवर बसाल्टचा सौदा मला अधिक न्याय्य वाटतो, कारण तिने अधिक करापोटी प्रवाशाला प्रत्यक्ष जागा दिली आहे.

सेवाकेंद्रांचा प्रश्न थोडक्यात उरकता येतो. टाटांची दुरुस्तीची सोय जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली आहे. सिट्रोएन २०२१ मध्ये आपल्या देशात आली आणि तिचे जाळे अद्याप विरळ आहे. पुणे, मुंबई किंवा नागपूर येथे राहणाऱ्यास याची झळ कमी, परंतु सिंधुदुर्ग किंवा नंदुरबारच्या ग्राहकाने जवळचे केंद्र किती किलोमीटरवर आहे हे आधी प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि ते एका दिवसात जाऊन येण्याजोगे नसेल तर बसाल्टचा विचार तिथेच सोडावा.

राहता राहिली निवड. घरात लहान मूल असेल, महामार्गाचा प्रवास वारंवार असेल, किंवा मुक्काम मोठ्या शहरापासून दूर असेल, तर कर्व्ह घ्यावी, आणि वर्षाला १५ हजार किलोमीटरांहून अधिक धाव असेल तर तिचे डिझेल, हाताने बदलायच्या गिअरांसह. मुले मोठी झाली आहेत, मागच्या आसनावर आईवडील बसणार आहेत आणि गाडी बहुतांशी शहरातच फिरणार आहे, अशा कुटुंबाने बसाल्टची टर्बो स्वयंचलित गाडी घ्यावी. तिच्यात सनरूफ नाही, याची खंत त्या आईवडिलांना वाटणार नाही. पाच जणांपैकी तिघे सहा फुटांच्या आसपास असतील, किंवा उंच सामान नित्य न्यायचे असेल, तर या दोन्ही गाड्या सोडून उभ्या पाठीची गाडी पाहावी. आणि विसार देण्यापूर्वी शोरूमच्या ठरीव फेरीवर समाधान न मानता घरच्या सर्वांना घेऊन जावे, त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून दुपारच्या उन्हात तासभर गाडी चालवावी, घराजवळचा चढ तिच्यातून चढून पाहावा, आपल्याच वाहनतळात ती उलटी लावून पाहावी, आणि मागे बसलेल्यांना मान, गुडघे व मांड्या यांविषयी एकेक करून विचारावे.